वकीलसाहेबांचे प्रश्न

मावशी फटकळ होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेच्या व्हॅनमध्ये पोरांना चढवायचं, उतरवायचं, भांडणं सोडवायची, नाकं पुसायची, एवढंच तिचं काम. त्याआधी ती खोक्यांच्या कारखान्यात होती. तिथे उभं राहून राहून गुडघे कामातून गेले, तेव्हा व्हॅनवर आली. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, मूलबाळ झालं नाही. कुणी नको तेवढी चौकशी केलीच तर म्हणायची, "आहेत की पोरं, रोज सकाळी गाडी भरून." समोरचा गप्प बसायचा. तिला तेच हवं असायचं.

व्हॅनचं दार तिच्याशिवाय कुणी उघडायचं नाही, ड्रायव्हरनेसुद्धा नाही. चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक टपली बसायची. टपली बसली की पोर हजर, अशी तिची मोजणी. आणि प्रत्येक दारापाशी तिची एक ठरलेली आरोळी. जाड्या जुळ्यांना "या पैलवान", रडक्या पोरीला "आली का आमची नळाची तोटी", आणि पिवळ्या फाटकातून पळत येणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला, "चला वकीलसाहेब, कोर्ट भरलं!"

वकीलसाहेब दाराजवळच्या खिडकीत बसायचे. बसले की उलटतपासणी सुरू. मागे पडलेली झाडं आपण नसताना तिथेच असतात का? मुंगीला कळतं का, की ती लहान आहे? उद्याचा मी मला ओळखेल का? एकदा तर त्याने विचारलं, आई लहान होती तेव्हा मी कुठे थांबलो होतो? ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडायचा बाकी राहिला. मावशी म्हणाली, रांगेत थांबला होतास, आणि तिथेही बडबड करत असशील. पोराने यावर नीट विचार केला आणि रांगेत पुढे कोण होतं ते विचारलं.

खरं सांगायचं तर मावशीला त्याचे प्रश्न फार आवडायचे. तिच्या लहानपणी असलं काही तोंडातून निघालं की पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे उत्तर येत नसलं तरी ती ठोकून द्यायची, पण कधी गप्प बस म्हणाली नाही.

पावसाळा संपता संपता पोराला ताप आला. साधा ताप, असं सगळ्यांना वाटलं. दोन-चार दिवस फाटकापाशी गाडी थांबली नाही. मग एका सकाळी ड्रायव्हरनेच खालच्या आवाजात सांगितलं, की पोर गेलं, दवाखान्यातच. मावशी त्या दिवशी कुणावर ओरडली नाही. पोरं बावरली, कारण मावशी ओरडली नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं त्यांना कळत होतं.

शाळेतून निरोप आला की लहानांना काही सांगू नका, तो दुसऱ्या गावाला राहायला गेला म्हणा. मावशीने तसं सांगितलं. तिला ते पटलं नव्हतं, पण नोकरी होती.

आणि मग ती चूक झाली. पुढच्या सोमवारी पिवळं फाटक आलं तसा सवयीने ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला, हात हॉर्नवर गेला. मावशी तेव्हा मागे वळून जुळ्यांची मारामारी सोडवत होती. हॉर्न ऐकताच तिने न बघता दार सरकवलं आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "चला वकीलसाहेब, कोर्ट भरलं!"

घराचं दार उघडलं. आई बाहेर आली. केस तसेच, पायात चप्पल नाही, हातात पाण्याची बाटली. बाटली तिने का उचलली हे तिलाही कळलं नसावं. दोन पावलं चालून ती थांबली. मावशीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. दार लावायचंही तिला सुचेना. शेवटी ड्रायव्हरनेच गाडी पुढे काढली. मागून रडकी पोर म्हणाली, "तो गावाला गेला ना? मग त्याची आई इथे कशी?"

मावशीने खोटं सोडून दिलं. तो मेला, आता येणार नाही, कुठे गेला ते मला माहीत नाही, असं तिने सरळ सांगितलं. शाळेच्या फाटकापर्यंत कुणी भांडलं नाही.

संध्याकाळी ती माफी मागायला गेली. माझ्या जिभेला हाड नाही, ताई, असं बरंच काही ती ठरवून गेली होती. पण आईला माफी नकोच होती. तिला विचारायचं होतं, की वकीलसाहेब का? कोर्ट कसलं? मग मावशीने तिला उलटतपासणीचं सांगितलं, मुंगीचा प्रश्न सांगितला. आई ऐकत राहिली. ती कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. घरी येईपर्यंत अंधार पडायचा, पोर पेंगुळलेलं असायचं, आणि सकाळी नुसती बुटांची, डब्याची धांदल. "माझ्याशी तो एवढं कधी बोलला नाही," ती म्हणाली. "की बोलला, आणि मीच लवकर आटप म्हणाले, आठवत नाही."

मावशीने शब्द दिला, की रोज सकाळी गाडी क्षणभर थांबवेन आणि त्याचा एकेक प्रश्न देऊन जाईन.

तशी गाडी थांबू लागली. हॉर्न न वाजवता. आई फाटकापाशी उभी असायची, मावशी दारातून वाकून सांगायची. झाडांचा प्रश्न सांगितला, उद्याच्या मीचा सांगितला. रांगेत थांबलेल्याचा सांगितला त्या दिवशी आई पदर तोंडात धरून हसली आणि हसता हसता फाटकाला धरून खाली बसली. ड्रायव्हर उशीर होतो म्हणून कुरकुरायचा, पण थांबायचा.

मावशी रात्रंदिवस आठवत राहायची. पण एवढंसं पोर, ते किती विचारून ठेवणार? प्रश्न संपत आले. एकच उरला होता, आणि तो तिला सांगायचा नव्हता. पाऊस ऐन भरात असताना एकदा त्याने विचारलं होतं, "मी नसतो तर माझ्या जागेवर कोण बसलं असतं?" मावशी म्हणाली होती, "कुणी नाही. ती जागा तुझीच." आणि आता शाळेने एका नव्या पोरीला नेमकी तीच जागा दिली होती. मावशीने वाद घातला, दुसरीकडे बसवू म्हणाली, पण गाडीत दुसरी जागाच नव्हती.

म्हणून नवी पोर यायची होती त्याच सकाळी मावशीने मनाने एक प्रश्न रचला. देव कुठे राहतो, असं विचारायचा म्हणाली. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"हा त्याचा नाही, मावशी."

आईने रागावल्यासारखं काहीच केलं नाही. ती हळूच म्हणाली, "खरा एखादा उरला असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणा."

मग मावशीने तो सांगितला. तिने काय उत्तर दिलं होतं, हेही आईने विचारलं. "कुणी नाही, असं म्हणाले होते," मावशी म्हणाली. आईची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली होती. खिडकीत नवी पोर बसली होती, दोन वेण्या, पाय जमिनीला टेकत नव्हते.

पोरीनेही आईकडे पाहिलं. गाडीसमोर येणारी प्रत्येक बाई कुणाची तरी आई असते, एवढंच तिला माहीत. तिने विचारलं, "तू कुणाची आई?"

आई म्हणाली, "तू बसलीस ना, तिथे एक जण बसायचा. त्याची."

"तो कुठंय?"

"तो मेला," जुळ्यांपैकी एकाने सांगून टाकलं. मावशीने त्यांना सांगितलं होतं, तेच.

पोरीने त्यावर विचार केला. कपाळाला आठी घालून, अगदी वकीलसाहेब करायचे तसाच. मग म्हणाली, "मग तू अजून आई आहेस का?"

आईने गाडीच्या दाराची कड धरली. ती मावशीकडे बघू लागली, मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांकडे बघावं तसं नाही, वर्गात न आलेल्या उत्तरासाठी पोरं बघतात तसं.

मावशीने आजवर किती उत्तरं ठोकून दिली होती. हे मात्र तिने ठोकून दिलं नाही.

"आहे," ती म्हणाली. "कायमची आहे."

पोरीचं समाधान झालं. ती खिडकीतून बाहेर बघू लागली. मावशीने तिच्या डोक्यावर टपली मारली, आज राहूनच गेली होती, आणि दार ओढायला हात घातला. तेवढ्यात आई म्हणाली, "उद्या थांबाल ना?"

आता सांगायला काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"थांबू की," मावशी म्हणाली.