सुशीलाला आलेली हाक

भूतखेत, अंगात येणं, देवऋषी... यातलं मी कधीच काही मानलं नाही. शाळा सातवीत सुटली, तरी भूकंप का होतो एवढं मला कळतं. जमिनीखाली खडकाला भेग असते, ती सरकली की वरचं हलतं. त्यात कुणाचा कोप नाही. किल्लारीच्या भूकंपात आमचं घर पडलं, त्यात माझी आई गेली. मामांनी सांभाळलं आणि एवढ्या लांब पेठ वडगावला दिली. इथल्या माणसांनी मला आपलं म्हटलं, ते मी विसरणार नाही.

२००० च्या सुमाराची गोष्ट. मी वडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर कामाला होते. कोयनेकडचे धक्के आमच्याकडे जाणवतात, पण लोकांना त्याचं काहीच नाही. मी मात्र भांडं वाजलं तरी बाहेर! मग सगळे हसायचे — "पळाली बघा लातूरची पावणी!"

माझ्या जोडीला मुरगूडची सुशीला होती. तिला धक्का यायच्या आधीच कळायचं.

"आई हाक मारती की मला," ती भाकरी मोडता मोडता सांगायची. तिचीही आई वारलेली.

माझा विश्वास नव्हता, तरी पोटात जळायचं. हिची आई हिला हाका मारते... माझी तर स्वप्नातसुद्धा येत नाही!

त्या दुपारी काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायची वेळ झाली होती. उकळता पाक ओतताना कुणी जागा सोडत नाही, धक्का लागला तर माणूस भाजायचा. माझं लेकरू काहिलीखालच्या चुलवाणाच्या भिंतीलगत, उबेला, झोळीत झोपलेलं. थंडीत आम्ही बायका तिथंच झोळी बांधायचो. आणि अचानक सुशीला हातातलं टाकून धावली, लेकराला उचललं आणि थेट बाहेर!

"ए सुशे, याड लागलं व्हय गं?" गूळ शिजवणारा गुळव्या ओरडला.

मी चिडून तिच्यामागे पळाले. झोपलेलं लेकरू उठवलं म्हणून तिच्या हातातून ओढून घेतलं... आणि जमीन हलली. मागे वळून बघते तर भिंत झोळीवर कोसळलेली.

लेकराला छातीशी धरून मी विचारलं, "तुझी आई बोलली का गं?"

"माझी न्हाय. दुसरीच बाई हुती कुणीतरी. 'चिमीचं लेकरू उचल' म्हणाली. आता आत लेकरू तुझंच एकटं, म्हणून उचललं. ही चिमी कोण गं?"

माझं नाव विमल. नवऱ्यालाही दुसरं नाव ठाऊक नव्हतं. 'चिमी' अशी हाक मला फक्त माझी आई मारायची.

सुशीलाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. दर दिवाळीला तिला साडी नेसवते, पाया पडते. पण खरं सांगू? साडीच्या निऱ्या नीट करतानासुद्धा तिचा हेवा वाटतो. आई एवढ्या लांबून आली, मी तिथंच चार हातांवर उभी होते... आणि तिचा आवाज ऐकायला मिळाला सुशीलाला.

कसा होता आवाज, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.