मागचा हुंकार आणि आमचे व्याही

साऱ्या नाशिक जिल्ह्यात ऐकू येणारे कान दोनच, आणि ते दोन्ही आपल्याच डोक्याला आहेत, अशी आमच्या व्याह्यांची पक्की खात्री होती. बाकीचे आम्ही कानाच्या जागी भजी चिकटवून फिरतो, असं ते तोंडानं म्हणाले नाहीत, पण त्यांची नजर तेच म्हणायची. पोरीच्या सुपारीला पिंपळगावहून आले, तेव्हा बोलणं अर्ध्यात टाकून वर बघत बसले. मला वाटलं, सोयरीक मोडते की काय. तर म्हणाले, "पंखा घरघरतोय, त्याचा बुश गेलाय. अगोदर तो बदला." लग्नात वरात थांबवून बँडवाल्याला त्याच्या ढोलाची कातडी कुठं सैल आहे ते दाखवत बसले. नवरदेव घोड्यावर ताटकळत, आणि बाप ढोलाला कान लावून. द्राक्षबागेत फवारणीचा पंप चालू झाला की हे बांधावर डोळे मिटून उभे, जशी काय पूजा चाललीय. पंपाच्या पोटातलं त्यांना कळायचं, माणसाच्या पोटातलं कधी कळलं नाही.

त्या वेळी पिंपळगावात द्राक्षवाल्यांच्या दारात जीपच्या थोरल्या भावासारख्या मोठ्या गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. व्याह्यांनीही एक जुनी घेतली. तिच्या मागच्या बाजूनं हुंकार यायचा. झालं, यांना जन्माचं काम मिळालं. पुढचे टायर मागे, मागचे पुढे. मग चाकांची बेअरिंगं. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या सीटवर टाकून हायवेला न्यायचे. "डावीकडनं येतोय का उजवीकडनं?" पाहुणा चहाच्या आशेनं सुचेल ती बाजू सांगायचा. विहीणबाईंना तर मागं सतरंजी टाकून आडवं केलं होतं, कान गाडीच्या तळाला आणि पदर दातात.

"आता ऊं करती," त्या आतून सांगायच्या. "आता गप हाय. आता परत ऊं."

"किती वेगाला?"

"मला काय ठावं? मला मळमळतंय."

मी सुरगाण्याच्या वाटेवर जीप हाकण्यात हयात घालवलेला माणूस. शाळा चौथीत सुटली, पण गाडी कुठं रडते हे मला कुणी शिकवायला नको. म्हणालो, "व्याही, गॅस दाबला की रडते, सोडला की थांबते. चाकात काय नाय. दोन चाकांच्या मधला तो गोळा, डिफ्रेन्शियल, त्यात पिनियनचं, आतल्या लहान दातेरी चाकाचं, बेअरिंग गेलंय."

ते गालात हसले. "पाहुणे, तुमच्या जीपला आवाज नव्हता. तो आवाजच जीप होता."

मी मुलीचा बाप. गिळलं. पुढं काही दिवसांनी त्यांनी स्वतःच शोध लावला की पिनियनचं बेअरिंग गेलंय, आणि तो शोध मलाच समजावून सांगितला. मी मान हलवली.

नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात गोळा उघडला. व्याही मिस्त्रीच्या डोक्यावर स्टूल टाकून बसले. मिस्त्री म्हणाला, "नाना, उघडलंच आहे तर ऑइल सील पण नवं टाकू, आतलं तेल तेच अडवतं." व्याही म्हणाले, "सील आवाज करतंय का? जे आवाज करत नाय ते चांगलं हाय." त्यांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावायचं. जुनंच सील परत बसलं. गाडी गप्प झाली, आणि व्याही दुप्पट बोलायला लागले.

पुढं पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मी आणायला गेलो. "बसनं कशाला? गाडी देवघरावानी शांत केलीय," म्हणत व्याही स्वतः चालवायला बसले. मी पुढं, पोरगी मागं. कोकणगाव मागं पडलं आणि मागून असा आवाज सुरू झाला की कुणी दात खात ओरडतंय. मी व्याह्यांकडं बघितलं. चेहरा समाधानी. मागचा ट्रक हॉर्न देऊन देऊन थकला, तरी हे रस्त्याच्या मधोमध.

"बघा, काय शांत हाय," ते म्हणाले.

पोरगी पुढं वाकली, माझ्या खांद्याशी आली, डोळ्यांनी सासऱ्यांकडं खुणावलं. "अप्पा, मामांना हल्ली ऐकू येत नाय. घरात कुणी तसं बोलून दाखवत नाय. तुम्ही पण बोलू नका."

त्या गोळ्यात तेल राहिलेलं नव्हतं, हे मला कळलं. अशा वेगात कोरडा गोळा अडकून मागची चाकं जाम झाली तर गाडी गिरकी घेणार, आणि मागं पोरगी पोटुशी. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "व्याही, थांबवा. मला मळमळतंय."

थांबली. मी खाली वाकलो, तेही वाकले. सगळा गोळा तेलानं माखलेला. त्यांनी हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. बोटं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कवापासून ओरडत होती?"

सोयरीक झाल्यापासून ज्याची वाट बघत होतो, ते उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "आवाजच नव्हता, व्याही. सील म्हातारं होतं, गुपचूप गळालं."

त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही, देव जाणे. पोरीला ओझरवरून बसनं आणलं. ते गाडीपाशीच उभे राहिले.

आता नातू कॉलेजात आहे आणि दारात नवी गाडी आहे. तिला कसलाच आवाज नाही. तरी व्याही मला घेऊन हायवेला निघतात, मागच्या सीटवर बसवतात. चालवतो नातू. हे पुढून माझ्या तोंडाकडं बघत विचारतात, "काय म्हणते?"

मी मोठ्यानं सांगतो, "डावीकडनं बारीक शीळ येते, व्याही."

मग पुढचा आठवडाभर ते त्या गाडीखाली सुखानं पडून असतात.