नऊ हुकूम

माझे बाबा तांडेल होते. मालवणच्या बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरवर त्यांच्या एका शब्दावर माणसं जाळं सोडायची आणि ओढायची. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, जीभ अडली ती अडलीच. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी मोठ्याने वाचून घ्या. वर्तमानपत्र दिलं की बाबा दोन शब्दांवर थांबायचे आणि रागाने कागद भिरकावून द्यायचे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करत होते, अजूनही करते. कंपनीला नवं गिऱ्हाईक मिळालं की दूरच्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये भाड्याने सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायची, हे माझ्याकडे होतं. त्यासाठी नऊ आज्ञा एकामागून एक टाइप कराव्या लागत. एका सकाळी मी त्या कागदावर जाड देवनागरी अक्षरांत लिहिल्या आणि बाबांना म्हटलं, "तुमी सांगा, मी करतंय."

"सु... डो," ते म्हणाले. "अप... डेट."

मी टाइप केलं. पडद्यावर भराभर ओळी सरकल्या. बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी सांगितलं आणि कुठेतरी काहीतरी हललं होतं. ते ताठ बसले आणि त्यांनी दुसरा हुकूम सोडला.

वर्षभर असं चाललं. नवा सर्व्हर असला की बाबा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे. नऊ आज्ञांना पाऊण तास लागायचा. 'इन्स्टॉल'वर ते हमखास अडकायचे. मी थांबायचे, पण खरं सांगायचं तर मनातून वैतागायचे.

पुढे कंपनीचं काम वाढलं. साहेब फोनवर म्हणाले, "एका दिवसात वीस सर्व्हर लागणार आहेत. हाताने किती करशील? स्क्रिप्ट लिही." मी लिहिली. आता सर्व्हर सुरू झाला की तो स्वतःच सगळ्या आज्ञा चालवून पायथन बसवून घेणार होता.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली तेव्हा बाबा कागद घेऊन शेजारीच होते. ओळी धावू लागल्या. बाबा त्यांच्याबरोबर वाचायला बघत होते, ओठ हलत होते. ते तिसऱ्या आज्ञेवर असताना सगळं संपलं.

"माजा... काम?" त्यांनी विचारलं.

"आता ता आपोआप होता, बाबा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि उठून गेले. एक खोटा सर्व्हर उघडून त्यांच्यासाठी रोज तेच करता आलं असतं. मला ते सुचलंही होतं. सोमवारपासून करू, असं म्हणत राहिले. बाबांचं बोलणं कमी होत गेलं, गणपतीपर्यंत ते नुसते हाताने खुणा करू लागले. थंडीत गेले. वाचन थांबल्याचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं होतं.

त्यानंतर स्क्रिप्ट चालू केली की मला प्रत्येक ओळीआधी श्वास घेतल्याचा आवाज येई. अडखळणाऱ्या माणसाचा, शब्दाआधीचा श्वास. मी पंखा बंद करून बघितला, खिडकी लावून बघितली.

गेल्या महिन्यात स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडली. ती इंटरनेटवरच्या ज्या जागेवरून पायथन उतरवून घ्यायची, ती जागाच बदलली होती. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मी हातानेच सुरुवात केली. आपण तोंडाने बोलतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

माझी आये स्वयंपाकघरात आदोळीवर, म्हणजे विळीवर, बांगडे चिरत होती. ती तशीच, हाताला खवलं चिकटलेली, दारात येऊन उभी राहिली.

"कोण बोललो?"

"मी गो, आये."

"नाय. तू नाय."

मी शेवटचा शब्द परत उच्चारून बघितला. "इन्स... टॉल." घशातून आवाज माझाच आला, पण मधली ती अडलेली जागा माझी नव्हती.

आये बाबांच्या खुर्चीत बसली. "थांबलंस कित्याक?" ती म्हणाली. "सांग."

मी उरलेल्या आज्ञा तशाच, अडखळत सांगितल्या आणि टाइप केल्या. सर्व्हर उभा राहिला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसून होतो. मग बांगड्यांना मांजर लागेल म्हणून ती उठली. मी दुपारी स्क्रिप्ट दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी पंधरा सर्व्हर लागणार होते. मी स्क्रिप्ट चालू केली आणि ती संपेपर्यंत बाहेर पडवीत जाऊन बसले.