पोरीच्या वाटेने तीन मैल

चाक गुरुजींची शाळा वार्षिक परीक्षा संपल्यावर सुरू होई. शेवटचा पेपर झाला की ते वर्गाला कुलूप लावत, किल्ली टोपीत ठेवत आणि म्हणत, "झालं बे, आता शिकू." बाकीचे मास्तर निकालापर्यंत पोरांना गप्प बसवून ठेवायचे. आमच्या गुरुजींना मात्र गप्प बसलेलं पोर दिसलं की ते आजारी वाटे. मग ते त्याच्या कपाळाला हात लावून पाहत.

एका वर्षी त्यांनी अख्ख्या गावाची परीक्षा घेतली. पोरं मास्तर, गाव विद्यार्थी. सतराचा पाढा चुकला म्हणून पोलिसपाटलांना पारावर ओणवं उभं राहावं लागलं, आणि त्यांच्या पाठीवर पाटी ठेवणारा त्यांचाच नातू होता. पाटलांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी पाढा पाठ करून आले आणि "मले पुन्हा इचारा" म्हणून अडून बसले.

आमच्या चौथीच्या वर्षी मात्र या खेळात माझा जीव अडकला होता. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे वरवट बकाल या गावी जावं लागे, आणि माझ्या बाबांनी सांगून टाकलं होतं, "एवढ्या दूर पोरीले रोज कोन पाठवते? चौथी झाली, बस झालं." गावातच पाचवी उघडायची तर वरवटची शाळा तीन मैलांहून लांब हवी, असा नियम. शाळाखात्याच्या साहेबांच्या कागदावर ती तीन मैलांच्या आत होती.

"कागद चालत गेलता काय वरवटले?" गुरुजी म्हणाले. "चला, मोजू."

सुतारानं मोडक्या बंडीचं एक चाक दिलं. माझ्या आईचं नऊवारी लुगडं त्याच्याभोवती गुंडाळलं, तर बरोबर दोन वेढे बसले. म्हणजे एक फेरा साडेचार वार. तीन मैल ओलांडायला किती फेरे? जो भागाकार वर्षभर आमच्या डोक्यात शिरला नव्हता, तो पोरांनी रस्त्याच्या धुळीत बोटांनी केला. अकराशे चौऱ्याहत्तर. तोवर आई लुगडं मागायला दोनदा येऊन गेली.

चाकाला लाल चिंधी बांधली. ती खाली आली की सगळ्यांनी आकडा ओरडायचा. ढकलायला बाळ्या, कारण तो वर्षभर एका जागी बसला नव्हता. उतारावर चाक त्याच्या हातून सुटलं आणि एका माळ्याच्या वांग्यांत शिरलं. माळी विळा घेऊन धावला.

"चाक जाऊ द्या, आकडा सोडू नका," गुरुजी मागून ओरडत होते.

ते ऐकून माळीही पळता पळता मोजू लागला. वांग्यांतले सात फेरे गुरुजींनी नंतर वजा केले.

वरवटच्या शाळेच्या पायरीशी आकडा आला अकराशे एक्केचाळीस. तेहतीस कमी. "गुरुजी, वांग्यातले धरा ना," बाळ्या म्हणाला. ते धरूनही भागत नव्हतं. मी तिथंच रडायला बसले. गुरुजी चाकाला टेकून उभे राहिले.

"मंगले," ते म्हणाले, "हे आपन बंडीच्या वाटेनं मोजलं. बंडीले कुठं शिकाचं हाय? आता पोरीच्या वाटेनं मोजू."

निकाल तपासायला साहेब आले. पुण्याकडचे, पायात बूट. गुरुजींनी मला पुढे घातलं, माझ्यामागे चाक आणि चाकामागे साहेब. "रोज जाशीन तशी जाय," एवढंच मला सांगितलं. मारका बैल बांधला होता तिथं मी बांधावरून वळसा घातला. चाकानंही घातला. पुढे चिंचेचं झाड आलं, त्याला मी गोल चक्कर मारली.

"इकडे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"चिंचा पडल्या असल्या तं?" मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांच्याही गालात चिंच होती.

शाळेच्या पायरीशी अकराशे एकोणसत्तर झाले. पाच कमी. कोणी ओरडेना. मी गुरुजींकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे पाहत होते. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि मला विचारलं, "एवढं चालून आल्यावर तू आधी काय करशील?"

"पानी पिईन."

रांजण शाळेच्या मागे होता. साहेबांनी बाळ्याच्या हातून चाक घेतलं आणि मोठ्यानं आकडे म्हणत स्वतः ढकलत नेलं. अकराशे चौऱ्याहत्तरला चाक रांजणाला टेकलं. आधी मी पाणी प्याले, मग साहेब प्याले.

जूनमध्ये आमच्या गावात पाचवी उघडली. "म्या म्हनत नोतो, वरवट दूर हाय म्हनून?" असं म्हणत बाबांनीच माझं नाव घातलं. त्याच महिन्यात गुरुजींची बदली लोणारला झाली. तिथल्या सरोवराचं आता काय होणार, याची पोरांना काळजी लागली.

एसटी वरवटहून सुटायची. आम्ही सगळे पोचवायला निघालो. गावाबाहेर येताच गुरुजी थांबले. "मंगले, पुढं हो." बैल त्या दिवशी जागेवर नव्हता, तरी मी बांधावरून वळसा घातला. झाडावर एकही चिंच नव्हती, तरी चक्कर मारली. डोक्यावर ट्रंक घेतलेले गुरुजी माझ्यामागे, त्यांच्यामागे सगळा वर्ग. वरवटला पोचलो तेव्हा गाडी समोरून निघून गेली. सरळ रस्त्यानं आलो असतो तर मिळाली असती.

गुरुजी ट्रंकेवर बसले. टोपीनं डोळे पुसले.

"पाचची हाय अजून एक," ते म्हणाले. "मंगले, जराशी आनखी लांबून आनली असती, तं तीबी गेली असती."