प्रयोगशाळा, एकतीस वर्षं

माझ्या सासूबाईंना रसायनशास्त्रातलं एकही समीकरण लिहिता येत नाही, आणि तरीही जवळजवळ वर्षभर चाळीसेक माणसं त्यांना प्राध्यापक समजत होती. यात कुणी कुणाला फसवलं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. सुरुवात माझ्या हातून झाली, एवढं आधीच कबूल करून टाकतो. मी नाही केलं तर बायको करेल, आणि तिच्या सांगण्यात मी याहून मूर्ख दिसतो.

सासूबाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरीला होत्या. शिकवायला नाही, धुवायला. परीक्षानळ्या, काचेची लहानमोठी पात्रं, चिनी मातीच्या वाट्या, आणि दर शनिवारी ओट्यावरच्या फरश्या. बाटल्या त्या नावानं ओळखत नसत, जागेवरून ओळखत: वरच्या फळीवरची तिसरी, खिडकीकडची काळी, हिरव्या बुचाची. आज प्रयोग कुठला झाला हे त्यांना फळ्यावरून कळायचं नाही, तास संपल्यावर नळीच्या तळाशी काय उरलं त्यावरून कळायचं. कुठला डाग नुसत्या पाण्यानं जातो, कुठला भिजत ठेवावा लागतो आणि कुठल्याच्या वाटेला जायचं नसतं, हे त्यांना पाठ होतं. थोडक्यात, रसायनशास्त्र त्यांना येत होतं, फक्त मोरीच्या बाजूनं. शाळेत असताना मात्र त्या याच विषयात नापास झाल्या होत्या आणि पुन्हा परीक्षेला बसल्या नाहीत.

त्या एकतीस वर्षांत त्यांना प्रयोगशाळेत एकच प्रश्न विचारला गेला: ‘कुठंय?’ काडेपेटी कुठंय, चिमटा कुठंय, फडकं कुठंय. तक्रार त्यांनी कधी केली नाही. एकच गोष्ट त्यांना खुपायची. ज्यानं सांडलं त्यानंच पुसलं, असं त्यांनी तिथे एकदाही पाहिलं नव्हतं. या बाबतीत त्या पहिलं नाव घ्यायच्या ते रसायनशास्त्राच्या सरांचं. सर बावीस वर्षं त्या शाळेत होते. माणूस वाईट नव्हता. बोलता बोलता हातातली नळी जिथे असेल तिथे टेकवायची, ‘मावशी’ म्हणून हाक द्यायची आणि पुढच्या वाक्याकडे वळायचं, एवढीच त्यांची सवय. वयानं ते सासूबाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठे होते, पण मावशी याच.

निवृत्तीनंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. घरातला प्रत्येक ग्लास त्या तीनदा धुवायच्या आणि खिडकीशी जाऊन उजेडाला धरून बघायच्या. चार महिन्यांत घरात घासण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाबरलो आणि त्यांना फोनवरच्या एका ग्रुपात घालून दिलं.

ग्रुपाचं नाव ‘घरातलं रसायन’. सगळी हौशी मंडळी. कुणी साबण करतं, कुणी मेणबत्त्या ओततं, कुणी बरणीत दोरा सोडून तुरटीचे खडे वाढायची वाट बघत बसतं. ग्रुप चालवणारे गृहस्थ मेणबत्तीवाले, त्यांना सगळे याच नावानं ओळखत. नव्या सभासदानं आपला परिचय लिहायचा, असा त्यांचा नियम होता. सासूबाईंच्या वतीनं मी लिहिलं: ‘प्रयोगशाळा, एकतीस वर्षं.’ एकही शब्द खोटा नव्हता. लिहिताना मला थोडं हसू आलं होतं, हेही खरं.

एका बोटानं टाइप करायचं म्हणून सासूबाई तीन-चार शब्दांवर जात नसत. ग्रुपाला ते पांडित्य वाटलं. तुरटीचा खडा का वाढत नाही, असं कुणी विचारलं तर त्या लिहीत, ‘बरणी हलवून बघू नका.’ व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतला, फेस खूप आला, पण तुंबलेली मोरी सुटली नाही, असं का? ‘फेसानं मोरी सुटत नाही. तार घाला.’ किटलीत पांढरा थर बसलाय, चाकूनं खरवडू का? ‘नको. व्हिनेगर. गरम. थांबा.’ त्यांच्या निम्म्या उत्तरांत ‘थांबा’ असायचंच. दुसरा एक सभासद दर प्रश्नाला दोन पानं लिहायचा, त्याचं कुणी वाचत नसे.

मग एका सकाळी एकानं कळवलं की बाथरूम एकदम लख्ख व्हावं म्हणून त्यानं दोन वेगवेगळ्या बाटल्यांतली औषधं एकत्र ओतली आहेत आणि आता डोळे चुरचुरताहेत, हे चांगलं लक्षण आहे का? पाच जणांनी ताबडतोब कुठला वायू तयार झाला असावा यावर चर्चा सुरू केली. सासूबाईंनी लिहिलं, ‘बाहेर या. दार उघडं टाका. आत जाऊ नका.’ तो बाहेर आला. संध्याकाळी त्यानं ग्रुपावर हात जोडले आणि त्या दिवसापासून सासूबाई ‘मॅडम’ झाल्या. कुणीतरी ‘प्राध्यापक मॅडम’ म्हणालं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

आणि सासूबाई सुखात होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारी तीन वाजता त्या चष्मा पुसून टेबलाशी बसत, कामावर आल्यासारख्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लोक त्यांना ‘कुठंय’ सोडून काहीतरी विचारत होते, ‘का’ आणि ‘कसं’ विचारत होते. मला ते बघून बरं वाटायचं, आणि आपणच हे जुळवून आणलं म्हणून मी जरा छाती काढूनही फिरत होतो.

छाती आत गेली ती सर ग्रुपात आले तेव्हा. तेच ते सर. त्यांचा परिचय अकरा ओळींचा होता. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना समीकरणं घालायला सुरुवात केली आणि मेणबत्तीवाल्यांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये मेळावा ठरवला: आधी सरांचा प्रयोग, मग प्रमुख पाहुण्या म्हणून मॅडमचं मार्गदर्शन आणि सत्कार. सासूबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

“तुम्ही लिहिलंत, जावईबापू, तुम्हीच पुसा.”

मी म्हटलं, पुसतो. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ‘आमच्या सासूबाई प्राध्यापक नसून’ इथपर्यंत आलो की पुढचा शब्द सुचेना. शेवटी मी त्यांनाच समजावू लागलो, की लोकांना सांगून टाकायला काय हरकत आहे, काम ते काम. बायको म्हणाली, तुझ्या जिभेला काही हाड? सासूबाई रागावल्या नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या:

“सांगा की. पण मग मला कुणी काही विचारणार नाही.”

मग मी मूर्ख माणसं करतात ते केलं, म्हणजे काहीच केलं नाही, आणि मेळाव्याचा दिवस उजाडला.

मी मुद्दाम उशीर केला. पोहोचलो तेव्हा सर बोलत होते, म्हणून आम्ही मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो. शेजारीच हात धुवायचं बेसिन होतं. मेणबत्तीवाल्यांनी स्टेजवरून आम्हाला हात केला. सरांनी काही इकडे पाहिलं नाही, ते रंगात आले होते. टेबलावर आठ ग्लास मांडले होते आणि एका भांड्यात जांभळ्या कोबीचा रस होता. हा रस आंबट पदार्थात गुलाबी होतो आणि सोड्यात हिरवा, असं सांगून त्यांनी तो मोठ्या ऐटीत पहिल्या ग्लासात ओतला. त्यांनी आत काही घालायच्या आधीच रस हिरवा पडला.

दुसऱ्या ग्लासातही हिरवा. तिसऱ्यात निळसर. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सरांनी आधी कोबीवर खापर फोडलं, मग नळाच्या पाण्यावर, मग हॉलमधल्या ट्यूबलाइटवर. बावीस वर्षांत त्यांचा हा प्रयोग एकदाही फसला नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते खरंही होतं. माझ्या शेजारी ग्रुपातल्या साबणवाल्या ताई बसल्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, मॅडम, असं का होतंय हो?

“ग्लास धुण्याच्या सोड्यानं धुतलेत,” सासूबाई म्हणाल्या, “आणि विसळले नाहीत.”

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आई, बसा, हेच इथून मोठ्यानं सांगा, प्राध्यापक असंच सांगतात. उठून धुवायला गेलात तर संपलं. त्यांना ते माझ्याहून आधी कळलं होतं. पण समोर आठ घाणेरडे ग्लास होते आणि त्यांना ते बघवत नव्हते. त्यांनी माझी बोटं सोडवली आणि त्या उठल्या.

त्या खाली मान घालून टेबलाशी गेल्या. डाव्या हाताच्या चार बोटांत चार ग्लास, काठाला बोट न लावता, तसेच उजव्या हातात चार. बेसिनशी आल्या. तीनदा नळाखाली, चौथ्यांदा बाटलीतल्या पाण्यानं, मग स्वच्छ कापडावर पालथे. एकेक उचलून खिडकीच्या उजेडाला धरला. हॉलमध्ये सगळे मागे वळून बघत होते. सरांनीही बघितलं. बावीस वर्षांत त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलं होतं की नाही कोण जाणे, पण ग्लास धरायची ती तऱ्हा त्यांनी लगेच ओळखली, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला.

“अरे, मावशी! आता इथे लागलात होय कामाला? चांगलं झालं. त्या मॅडम आल्या की लगेच सुरू करू.”

मेणबत्तीवाले पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, ह्याच मॅडम.”

सासूबाईंनी ग्लास टेबलावर ओळीनं मांडले.

“मी शिकवत नव्हते,” त्या सगळ्यांकडे बघून म्हणाल्या. “धुवायची. सर बरोबर सांगतायत.” मग सरांकडे वळून म्हणाल्या, “ओता आता.”

सरांनी रस ओतला. आठही ग्लासांत जांभळा. व्हिनेगर टाकलं तिथे गुलाबी झाला, सोडा टाकला तिथे हिरवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. सर वाकले. सत्काराची फ्रेम तयार होती, तिच्यावर ‘प्राध्यापिका’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. मेणबत्तीवाल्यांनी ती उलटी धरून, अक्षरं आपल्या पोटाशी ठेवून, सासूबाईंच्या हातात दिली. चहाच्या वेळी सगळे सरांभोवती जमले. सासूबाईंना एकानं विचारलं, साखर कुठंय?

घरी आल्यावर त्यांनी फोन घेतला आणि माझी मदत न घेता, एका बोटानं, आपला परिचय बदलला: ‘प्रयोगशाळा, एकतीस वर्षं. भांडी धुतली.’ तुम्ही अर्धंच लिहिलं होतं, असं मला म्हणाल्या. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस त्या तीन वाजता चष्मा पुसून बसत होत्या आणि फोन गप्प होता. ग्रुपावर प्रश्न चालू होते, पण ते आता ‘आदरणीय सर’ असे सुरू होत आणि सर त्यांना समीकरणं घालत. माझा संताप होत होता. एका सभासदाची किटली समीकरणानं साफ झाली नाही, ते वाचून मला जो आनंद झाला तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

नवव्या दिवशी साबणवाल्या ताईंचा प्रश्न आला, ग्रुपावर नाही, खाजगी. मग मेणबत्तीवाल्यांचा, तोही खाजगी. मग बाथरूमवाल्याचा. ‘ग्रुपावर विचारायला बरं दिसत नाही, तुम्हीच सांगा.’ सासूबाई सगळ्यांना उत्तरं देत होत्या, पूर्वीसारखीच, तीन-चार शब्दांत. आणि मग एका दुपारी सरांचा मेसेज आला. पुढच्या मेळाव्यासाठी ते घरी जांभळ्या परमँगनेटचा प्रयोग करून बघत होते. ते सांडलं, पांढऱ्या बेसिनवर तपकिरी डाग पडले, आणि साबण, पावडर, तारेची घासणी, काही म्हणजे काही चालत नव्हतं. घरात बोलाचाली झाली होती, मिसेस दोन दिवस बोलत नव्हत्या. शाळेत असे डाग शेकड्यांनी पडायचे आणि दुसऱ्या दिवशी नसायचे, असं त्यांनी लिहिलं होतं. ते कसे जायचे?

मी म्हटलं, राहू देत डाग. सासूबाईंनी मेसेज दोनदा वाचला आणि उत्तर लिहिलं: ‘ग्रुपावर विचारा.’

तो दिवस गेला. दुसरा गेला. मी दर तासाला फोन उघडून बघत होतो, बायकोनं मला त्यावरून दोनदा झापलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ग्रुपावर सरांचा एक मेसेज आला आणि लगेच पुसला गेला. मग दुसरा आला. त्यात ‘मावशी’ नव्हतं, ‘मॅडम’ही नव्हतं, वर सासूबाईंना उद्देशून त्यांचा नंबर होता आणि खाली नुसता प्रश्न: बेसिनवरचे परमँगनेटचे डाग कसे काढायचे? चाळीस जणांनी तो पाहिला. नेहमी दोन पानं लिहिणाऱ्या सभासदानंही यावर काही लिहिलं नाही.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग बराच वेळ एका बोटानं टाइप करत राहिल्या. त्यांच्या मानानं ते उत्तर लांबलचक होतं.

‘लिंबू चोळा. दहा मिनिटं थांबा. मग तुम्हीच धुवा.’