तेरणेत धुतलेला गालिचा

धाराशिवच्या माझ्या घरात बैठकीच्या खोलीत एक तिबेटी गालिचा आहे. तांबडी लोकर आणि तिच्यात सायीच्या रंगाच्या रेशमाची कमळं. पण कमळं आता गुलाबी झाली आहेत, तीही कुठं गडद, कुठं फिकी. नवा पाहुणा हटकून विचारतो, "डिझाइनच असं आहे का?" मी म्हणते, हो, खास आमच्या तेर गावचं. आई आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून तो माझ्याकडं आहे. दुपारी घरात कुणी नसलं की मी त्यावर आडवी होते आणि मला तेरचं घर फार आठवतं.

आण्णा मिलिटरीत होते. एका डोंगराळ पोस्टिंगला छावणीजवळ तिबेटी लोकांची वस्ती होती. तिथल्या एका बाईच्या मागावर हा गालिचा तयार होताना त्यांनी पाहिला होता. ती लोखंडी गजावर लोकर गुंडाळत जायची, ओळ भरली की गजावरून सुरी फिरवायची, की कापलेली टोकं गवतासारखी उभी राहायची. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस, पण गालिच्याचा विषय निघाला की सांगता सांगता त्यांचे हात हवेत गाठी मारू लागायचे. रेशमावरून एका अंगानं हात फिरवला की ते उजळायचं, उलट फिरवला की काळवंडायचं. आम्हा भावंडांना तोच खेळ पुरायचा, आई गालिचा उचलेपर्यंत.

"रेशमावर पाय देतेत व्हय? देवाला नेसवतेत ते," असं म्हणून तिनं तो कडुनिंबाचा पाला घालून काळ्या ट्रंकेत टाकला. सोयरीक जमवायला कुणी आलं तरच तो बाहेर निघायचा, आणि पाहुणेही बिचारे कडेला अवघडून बसायचे.

मग एका वर्षी आईनं दसरा काढला. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुतलं गेलं पाहिजे. एक वाकळ राहिली तरी सण बाटला म्हणायचे. गालिचा धुवावा तर जीव धजेना, ठेवावा तर देवीची भीती. शेवटी देवी जिंकली. वाकळांबरोबर तोही तेरणा नदीवर गेला. आई आणि आत्यानं त्याला सोडा लावून धोपटण्यानं यथासांग बडवला. पाणी पिऊन म्हशीएवढा जड झालेला तो दोघींनी काठावर ओढला, तेव्हा सगळा तांबडा रंग कमळांत उतरला होता.

आई तिथंच ओल्या वाळूत बसली. आण्णा दसऱ्याला सुट्टीवर येणार होते.

"आता ह्यांना काय तोंड दाखवू मी?"

"दाखवूच नगं," आत्या म्हणाली. "वाळव आन् टाक ट्रंकेत. कोण बघतंय?"

आईनं तसं केलं खरं, पण तिचं कशात लक्ष लागेना. कालवणात मीठ दोनदा पडू लागलं. आण्णांच्या येण्याची आम्हाला केवढी ओढ असायची, पण त्या वर्षी मला वाटायचं, त्यांची गाडी चुकावी.

आण्णा आले, जेवले आणि हात पुसत म्हणाले, "गालिचा काढ की जरा."

आईनं तो त्यांच्यापुढं पसरला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. "तुमची वस्तू म्या नासवली," ती म्हणाली. "नदीवर धुतली."

आण्णांनी कमळांवरून हात फिरवला. या अंगानं, त्या अंगानं. रेशीम उजळलं नाही. त्यांचा चेहरा उतरला आणि मला दोघांचंही इतकं वाईट वाटलं की रडू फुटलं.

"दर सुट्टीला येतो, तर हा आपला ट्रंकेत," ते म्हणाले. "अगं, तू बसावंस म्हणून आणला होता म्या. देवासाठी न्हाय आन् पाव्हण्यासाठी बी न्हाय."

आई वाकून गालिच्याची दुमडलेली कड सरळ करू लागली.

"आता नासलाच हाय न्हवं? मग बस की आता."

आमच्यात नवऱ्यादेखत बाई बैठकीवर बसत नसे. ती चुलीपाशी नाहीतर उंबऱ्याशी टेकायची. आण्णा बाजूला सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हातानं झटकली. आईनं आमच्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि रडत रडतच तिथं बसली. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि त्या दोघांना शेजारी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.