मोठा सिलिंडर

सासऱ्यांनी त्यांची जुनी गाडी मला दिली, तेव्हा बायकोनं एकच अट घातली. ब्रेक धड लागल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवणार नव्हती. आणि तिला शेजारी बसवून टेंभुर्णीला मेहुणीकडे जायचं, एवढीच तर माझी हौस!

मिस्त्रींनी ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढून दाखवला. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो तो हाच. "गळतोय, साहेब. असलाच आना. ह्यो नमुना संगं न्या." एवढं सांगून ते भाचीच्या लग्नाला सांगोल्याला गेले. नमुना तेलकट होता आणि माझा शर्ट इस्त्रीचा. मी नमुना गॅरेजातच ठेवला.

दुकानदारानं विचारलं, "नमुना?"

"डोक्यात आहे."

त्यानं क्षणभर माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि दोन सिलिंडर समोर ठेवले. "बोल्टला दोनी बसतेत. आतलं भोक एकाचं बारीक, एकाचं मोठं. कंचा देऊ?"

मी चपलासुद्धा एक नंबर मोठ्या घेणारा माणूस. म्हटलं, "मोठा द्या. ब्रेकच्या बाबतीत कंजुषी नको."

व्हिडिओ बघून बसवलाही मीच. रविवारी बायको देवाचं नाव घेऊन बसली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. मी अक्षरशः त्यावर उभा राहिलो. गाडी अजिबात घाई न करता शेजारच्या काकूंच्या रांगोळीत शिरली आणि बरोबर मध्यावर थांबली.

"कमळ होतं ते," काकू म्हणाल्या.

बायको पिशवी घेऊन उतरली. "मी एसटीनं जाते." आणि गेली.

मिस्त्री परतल्यावर कपाळावर हात मारून म्हणाले, "बारीक सिरिंजची पिचकारी लांब जाती की नाय? जाड्या सिरिंजला तेवढाच अंगठा लावून बघा, नुस्ती गळंल. सिलिंडरचं बी तसंच." मी मोठा परत करून बारीक आणला. या वेळी नमुना छातीशी धरून नेला होता. शर्ट गेला.

चौथ्या दिवशी बायकोला आणायला टेंभुर्णीला गेलो. गाडी फाटकाशी अलगद थांबवून दाखवली. तिनं आधी मिस्त्रींना फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊ, ह्यांनी स्वतः काही केलेलं नाही ना?"

"नाय भाभी. पान्याला हातबी लावू दिला नाय."

मग ती बसली.